साखळीत तेरा ढांगा

घड्याळ प्रफुल्लनं पुण्याहून पाठवलं,
डॉक्टरनं रोज चार किलोमीटर सांगितले म्हणून.
बाबांनी ते मनगटावर चढवलं
आणि पहिल्याच दिवशी खोटं बोलताना धरलं.

पारावर बसून खर्रा घोटला :
तीनशे बारा पावलं.
गव्हाचं पोतं सायकलवर टाकून,
हँडल दोन्ही हातांनी धरून
गिरणीपर्यंत पायी गेले :
अकरा.
"हे तं तलाठ्यासारखं हाय," बाबा म्हणाले,
"बसल्या जागी लिवते."

रात्री फोनवर प्रफुल्लनं सगळं सांगितलं.
पट्टा घट्ट कर, हाडाच्या दोन बोटं वर.
हात कोणता, ते भर.
(बाबा डावखुरे. घड्याळाला कोणी सांगितलंच नव्हतं.)
उंची, वजन.
मग खाली एक रिकामी चौकट :
एका पावलाची लांबी.

"अडीच फूट, वर अर्धा इंच,"
बाबा खाटेवरूनच म्हणाले.
"साखळीत तेरा ढांगा. लिव्ह."

एकतीस वर्षं त्यांनी मोजणीची साखळी ओढली,
तेहतीस फुटांची,
पऱ्हाटीतून, बोराटीतून, नाल्याच्या गाळातून.
नकाशा सावलीत, साहेबाच्या मांडीवर,
आणि साखळीच्या पुढच्या टोकाला बाबा.
धुऱ्यावरून भावाभावांत काठ्या निघाल्या
की साखळीच्या आधी बाबांना बोलावणं यायचं.
ते चालत. लोक मोजत.
मग साखळी यायची
आणि तेच सांगायची.

मी हिशेब केला, सत्त्याहत्तर सेंटिमीटर भरले.

सकाळी आमच्या धुऱ्यावर गेलो.
मोकळ्या आभाळाखाली चालायचं होतं,
उपग्रहाला दिसेल असं.
तूर फुलावर होती.
"कोठून पाह्यते तो?" बाबांनी मान वर केली,
आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

धुरा वीस साखळ्यांचा. तोंडपाठ.
आभाळ म्हणालं, दोनशे एक मीटर.
पावलं म्हणाली, दोनशे बासष्ट.

"धुरा वाढला का, बाबा?"
ते हसले नाहीत.
चप्पल काढली, खुंट्याशी गेले.
खुंट्यापासून बाभळीपर्यंत बरोबर एक साखळी,
त्यांनीच कधीतरी मोजलेली.
मी मनात मोजत राहिले.
तेराला बाभूळ बरीच पुढं होती.
चौदा. पंधरा.
सोळाव्याला त्यांनी पाय मुद्दाम ताणला,
तोल गेला,
तुरीचं खोड धरून सावरले.
फुलं मनगटावर पडली, घड्याळावर.
सतरा.

बाभळीला हात लावून ते उभे राहिले.
"कवापासून?" विचारलं.
मला नाही. बहुतेक पायांना.

मी सत्त्याहत्तर खोडले, एकोणसाठ भरले.
हिरवी खूण आली.
मान वर केली तर बाबा वाटेला लागलेले,
अनवाणी, गावाकडं तोंड करून.

"गेल्या सालचा काळमेघाईचा धुरा,
मीनंच सांगितला होता ना व,
ढांगाईनं.
त्याईले सांगा लागते."

दोन्ही हात मोकळे, हलते.
फोनवर आकडा त्यांच्याबरोबर चढत गेला,
एकेक, एकही जास्त नाही.
नाल्याच्या वळणावरून, मागं न वळता, ओरडले :
"टेप घेऊन ये व पोरी,
पन्नास फुटी.
माह्या भरोशावर नोको."