आधी कंदील

रात्रीचा पडदा मी दात घासायच्या ब्रशनं रंगवतो.
जुना ब्रश, केस झिजून आडवे झालेले.
पांढऱ्यात बुडवायचा, अंगठ्यानं मागं ओढायचा, सोडायचा.
फर्रर्र. झाली आकाशगंगा.
थोडी चष्म्यावर, थोडी सदऱ्यावर,
उरलेली तीस फुटी मांजरपाटावर.

सांगलीत चाळीस वर्षं हेच करतोय.
महाल रंगवले, जंगलं रंगवली, तुरुंग तर विचारू नका.
पण चांदण्यांचं काम आलं की पोरांना म्हणतो, जा, चहा पिऊन या,
आणि एकटाच खडूनं
कापडाच्या कोपऱ्यात एक वर्तुळ काढतो.
परातीएवढं.

ते वर्तुळ हरिपूरचं आहे.

एकोणऐंशी साल. स्कायलॅब पडणार होती.
कुठं, ते रेडिओलाही ठाऊक नव्हतं,
हरिपुरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं: आपल्यावरच.
गावातल्या कोंबड्या संपल्या.
एका दुकानदारानं उधारीची वही फाडली,
नंतर आठवून आठवून परत लिहिली.
आमची आत्या ठेवणीतलं इरकल नेसून बसली,
मरायचं तर नीटनेटकं.

पायगोंडा मगदूम हळदीच्या पेवांवर मुकादम होता.
तो म्हणाला, वरनं पडतंय न्हवं? मग खाली चला की.
रिकाम्या पेवाचं तोंड त्यानं सकाळीच उघडून ठेवलेलं,
कोंडलेली हवा माणूस मारते म्हणून.
तरी संध्याकाळी दोरीला बांधून आधी कंदील सोडला.
आम्ही काठावर पालथे पडून बघत होतो.
ज्योत बारीक झाली.
थरथरली.
राहिली.
"आता माणूस," पायगोंडा म्हणाला,
आणि माणूस म्हणून मला उतरवलं.
मी नऊ वर्षांचा. वजनाला हलका.

मग सुगंधा, मग गल्लीतली नऊ पोरं.
आत्या त्या तोंडातून मावेना.
ती वरच बसली, राखण करत, पान खात.
खाली जुन्या हळदीचा वास आणि काळोख,
असा काळोख की हात आपलाच आहे
हे चावून बघावं लागे.
आणि डोक्यावर, लांब, ते गोल आभाळ.
मधूनच आत्याचं डोकं आडवं यायचं:
ग्रहण.

आषाढाचे ढग. फार उशिरानं ते सरकले
आणि परातीत पाच चांदण्या आल्या.
अंगणात निजताना हजारो असायच्या,
एकीकडंही मी धड बघितलं नव्हतं.
ह्या पाच बघितल्या.
एक जरा पिवळी होती, की माझ्याच डोळ्यात हळद गेलेली?
पाचांची मी मोट केली, नाडा, चाक, सगळं.
सुगंधा म्हणाली, फणी आहे ती, दात बघ.
भांडलो. तिनं चिमटा काढला.
दोघांच्या मध्ये कुणीतरी म्हणालं, नाव आहे नाव,
आणि एक पोरगं त्या नावेत बसून झोपून गेलं.
वरून काय पडणार होतं
ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

ते पडलं दूर, कुठल्याशा परक्या मुलुखात.
आत्याला जरा वाईटच वाटलं.
इरकल घडी घालून परत ट्रंकेत गेलं.
पुढं पुराचं पाणी पेवांत शिरलं,
ते तोंड आता शोधूनही सापडत नाही.

मागं टीव्हीवर चंद्रावर यान उतरताना दाखवत होते.
हातातले ब्रश तसेच धरून सगळे उभे.
माझा एक पोरगा म्हणाला,
आत माणूस नाहीच, मग काय मजा?
मला एकदम मातीचा काठ पोटाला लागला.
म्हटलं, थांब. ज्योत बघू दे.

यंदा बालनाट्याचा पडदा आहे.
त्यांना शनी पाहिजे, कड्यांसकट. काढला.
वर्तुळातल्या चार चांदण्या ब्रशनं मारल्या.
पाचवीला चिमूटभर हळद, सरसात कालवून, बोटानं.
रंगमंचाच्या दिव्यांपुढं हळद टिकत नाही,
चार प्रयोगांत फिकी पडते.
मग मी पुन्हा शिडी लावतो.

काल सुगंधाचा नातू शिडी धरून उभा होता.
मान वर करून बराच वेळ बघत राहिला.
"आजोबा, ती फणी आहे का?"

आजीनं शिकवून पाठवलं असणार.

"मोट आहे," मी वरून ओरडलो.
"शिडी नीट धर."