पाण्यात मिसळणारा रंग

म्हापशाचा दुकानदार म्हणाला,
"पाण्यात मिसळतो, वास नाही बाई,
पोरंसुद्धा लावतील."
मी दोन डबे घेतले, एक थोर, एक धाकटा.
धाकट्यावरची बारीक अक्षरं वाचायला
बाबांनी चष्मा मागितला
आणि वाचून झाल्यावर बराच वेळ
घडी घालून हातातच ठेवला.

केरीच्या खाडीकाठी सुरूंच्या आड
'शेवंती' चार ओंडक्यांवर टेकलीय.
फायबरची, सत्तावीस फुटी,
काकीच्या पाटल्या मोडून घेतलेली,
म्हणून काकीचंच नाव.

बाबा पन्नास पावलांवर बसतात,
वारा जिकडून येतो तिकडे, उपड्या क्रेटवर.
त्याहून जवळ यायचं नाही:
डॉक्टरनं सांगितलंय, आईनं सांगितलंय, आता मीही.
वास्कोच्या गोदीत एकोणीस वर्षं
त्यांनी बोटींवर फवारा मारला,
तोंडाला ओला रुमाल बांधून.
रुमालानं धूळ अडली.
बाकीचं जे आत गेलं त्याची नाकाला खबरच नव्हती.
एका गुरुवारी छातीनं ते ओळखलं
आणि छाती काही विसरत नाही.

म्हणून सूचना ओरडून येतात.
"कागद भिजवून घास! कोरडी भुकटी उडवू नको!"
"गोड्या पाण्यानं पूस गो,
खाडीचं मीठ खाली राहिलं तर रंग फोड धरेल!"
फटू मदतीला आला तर त्याला म्हणाले,
"दाढी काढ, नाही तर घरी जा.
केसांतून हवा शिरते, मास्क बसत नाही."
फटूची दाढी नवसाची.
तो घरी गेला, जाताना पेज ठेवून गेला.

मी बाह्या मनगटाशी चिकटपट्टीनं बांधल्या,
हातमोजे, चष्मा,
मास्कच्या दोन्ही कोळशाच्या डब्या तळव्यांनी झाकून
श्वास ओढून बघितला.
रबर गालांना चिकटलं.
आत स्वतःचाच आवाज, विहिरीत बोलल्यासारखा.

थोराचे चार भाग, धाकट्याचा एक.
सावकाश ढवळायचं, फेस आला की भोकं राहतात.
मग घड्याळाकडे बघायचं.
दोन तासांनंतरही हा रंग तसाच पातळ दिसतो,
तसाच निळा, तसाच शहाणा,
पण आतून संपलेला असतो.
"त्याच्या तोंडाकडे बघून फसू नको," बाबा ओरडले,
आणि मला वाटलं, हे त्यांनी गोदीबद्दल म्हटलं असेल.

हातभर रोलर, मागोमाग ब्रशचं टोक,
आडवी, हलकी, एकदाच.
खालचं दिसत राहिलं तरी चालेल,
झाकायचं काम तिसऱ्या हाताचं.
उन्हाचा चटका नको, दवाचा हात नको,
तीन वाजले की नोव्हेंबरात थांबायचं.
उरलेल्या डब्याचं झाकण घट्ट लावायचं नाही,
आतल्या आत वायू धरून तो फुगतो, फुटतो.
ब्रश धुतलेलं पाणी बादलीत राहू द्यायचं.
खाडीत कुर्ल्या आहेत,
आणि त्या कुर्ल्या आम्हीच खातो.

तीन दिवस, तीन हात.
नंतर आठ दिवस कुणी शिवलं नाही,
कावळे सोडून.

नवव्या सकाळी बाबा क्रेटवरून उठले.
मी पावलं मोजत होते, ते मोजत नव्हते.
जवळ आले, थांबले,
श्वास जरा अडवून मग सोडला.
काही झालं नाही.
तळवा ठेवून नाळेपासून मागे चालत गेले,
आंधळा भिंत धरून जातो तसे,
आणि मध्येच बोट थांबलं.
"इथं ओघळ आलाय. घाई केलीस."

आला होता, तांदळाएवढा.
पहिल्या दिवशी तिथंच माझा हात होता
जेव्हा मागून, सुरूंच्या पलीकडून,
खोकला ऐकू आला
आणि मी वळून बघितलं.