साडेचारशे

औषध लाल आहे.
डाळिंबाच्या रसासारखं, असं म्हणायचा मोह होतो,
पण डाळिंब सांडलं तर कपड्यावर डाग पडतो, एवढंच.
हे शिरेबाहेर जरासं जरी झिरपलं
तर हात आतून जळत राहतो, आठवडे न् आठवडे.
म्हणून सलाइनच्या वाहत्या धारेत
मी सिरिंज हातानंच रेटते, हळू,
मध्येच मागे ओढून बघते : रक्त येतंय ना?
येतं. मग पुढे.
तेवढा वेळ मी कुणाशी बोलत नाही.

इन्कोरोनाता लोसितो मात्र बोलत राहायची.
बार्लेत्तात एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
गाठ आली ती उजव्या मांडीत,
अ‍ॅक्सिलरेटरच्याच पायात.
"ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते," लिंबाचा बर्फ चघळत म्हणायची,
"आज ड्रायव्हर तू. पण पाटी मी कधीच वाचली नाही."

पहिल्या डोसच्या रात्री तिचा फोन :
"पोरी, लघवी टोमॅटोच्या सॉससारखी!"
मागे तिचा भाऊ रुज्जेरो अँब्युलन्स, अँब्युलन्स म्हणून ओरडतोय.
सांगायचं राहूनच गेलं होतं माझं.
केसांचं सांगितलं होतं, तोंड येईल ते सांगितलं होतं,
ताप आला तर रात्री दोनलाही या, तेही.
रंगाचं तेवढं राहिलं.

तिसऱ्या खेपेला मी तिला म्हटलं,
हे औषध आपल्याच टेकडीचं.
तो आठ कोनांचा किल्ला आहे ना,
त्याच्या आसपासच्या मातीत एक जंतू सापडला,
लाल रंग करणारा.
त्याच्याच वंशातून पुढे हे निघालं.
नाव ठेवलं समुद्रावरून, एड्रियाटिकच्या.

पहिल्यांदाच गप्प झाली.
मग म्हणाली, "दर मे महिन्यात सहल न्यायचे मी तिथं.
पोरं चढताना दारात उभी राहून ओरडायचे, बूट झटका!
संध्याकाळी बस झाडून
सगळी माती रस्त्यावर लोटायचे."

सहा डोस, पंचाहत्तरचे.
साडेचारशे.
गाठ गेली.
काट्यानं काटा काढावा म्हणतात,
पण हा दुसरा काटा थोडा आतच राहतो,
आणि राहतो नेमका काळजात.
त्याची मोजदाद जन्माची असते,
फाइल बदला, गाव बदला, आकडा पुसला जात नाही.
हे मी तेव्हा तिला समजावलं होतं.
"मीटरसारखं," ती म्हणाली होती. "उलटी गाडी चालवून कमी होत नाही."

अकरा वर्षांनी ती परत आली.
फुप्फुसात दोन ठिपके.
जिने चढताना धाप, ती ठिपक्यांची नव्हे :
हृदय पूर्वी पासष्ट टक्के लोटायचं, आता अठ्ठेचाळीस.
"तेच लाल द्या," म्हणाली. "त्यानं काम केलं होतं."
डॉक्टर नुसते कागद चाळत राहिले.
शेवटी तीच म्हणाली, "मीटर?"
मी मान हलवली.

आताचं औषध पाण्यासारखं, रंग नाही.
यंत्र सोडतं ते, मोजून.
माझे हात रिकामे, आता बोलता येतं मला,
तर काय बोलावं सुचत नाही.
ती डोळे मिटून पडलेली.
खाली चढावावर कुठलीशी बस घरघरते.

"दुसरा," ती म्हणते.
मी विचारते, दुसरा काय?
"गिअर गं. अजून दुसऱ्यातच आहे.
बदल म्हणावं."