घाइ

जळगावच्या लॅबमध्ये आम्ही फिरत्या काचेवर
रंगाचा एक थेंब सोडतो.
मिनिटाला दोन हजार फेरे.
बहुतेक उडून जातो. उरतो तो पापुद्रा
कांद्याच्या सालीहून हजारपट बारीक,
आणि त्याला उजेड कळतो.
एकाला फक्त हिरवा,
एकाला लाल,
एक असा, की लालच्या पलीकडचंच बघतो,
जिथे आपले डोळे दुकान बंद करतात.

पारोळ्यात मी सांगितलं, सेन्सर सेंद्रिय आहे.
द्वारकामावशी म्हणाली, "म्हंजे शेणखतवाला?"
अप्पा हसले नाहीत.
त्यांनी काच खिडकीशी नेऊन तिरकी धरली,
गिऱ्हाइकाचं कापड धरायचे तशी.
"रंग उजेड खास," ते म्हणाले,
"म्हनीसन तं इटस."
माझ्या प्रबंधात याला बावीस पानं लागली.

ट्रंकेत एक काळं लुगडं होतं.
संक्रांतीसाठी काळं करायला कुणीतरी टाकलेलं
आणि न्यायला न आलेलं.
भट्टी विझली, कढया भंगारात गेल्या,
हे मात्र अप्पांनी राखलं: लोकांचं आहे.
मी ते खाटेवर पसरलं, शंभराचा पिवळा बल्ब लावला,
सेन्सर जोडला.

पडद्यावर काळा रंग नव्हताच.
धुतल्यासारखं पांढरं लुगडं,
आणि पदराच्या कोपऱ्यात
काजळीच्या शाईतली आईची अक्षरं:
सिंधू, वाणी गल्ली. बुधवार. घाइ.

काळं करायच्या कापडावर लिहू नको,
मग वाचणार कोण, असं अप्पा तिला
दर खेपेला सांगायचे.
ती दर खेपेला लिहायची.

अप्पा चष्मा काढून पडद्याजवळ गेले.
किती वेळ. मग बोट ठेवलं शेवटच्या शब्दावर.
"ऱ्हस्व," ते म्हणाले.
"कितला डाव सांगं व्हतं तिले."

सेन्सर दीड महिना चालला.
कडेच्या डिंकातून हवा शिरली असावी;
आलेख रोज थोडा खाली बसत गेला,
मग सपाट.
वहीत मी कारण लिहिलं: ऑक्सिजन.

लुगडं आता नुसतं काळं आहे.
अप्पांनी घडी घातली, कोपरा वर ठेवून,
ट्रंकेत नाही, कोनाड्यात, सावलीला,
आणि मला विचारलं,
वाणी गल्लीत कोणी सिंधू
अजून राहते का.