तीन तासांचा गट

गणेशखिंड रस्त्याला, विभागाच्या मागच्या अंगाला प्राणिघर.
बावीस अंश. बारा तास उजेड, बारा तास अंधार.
भिंतीपलीकडे वड आहे, त्याचं आत काही येत नाही.

सकाळी नऊला मी पिलं उचलते.
चार दिवसांची, पेरूच्या फोडीसारखी गुलाबी, डोळे मिटलेली.
आधी हातमोजे आईच्या भुश्शात घोळवायचे.
हे दामू गव्हाणेंनी शिकवलं, कुठल्या कागदात नव्हतं:
"परका वास लागला तर ती जवळ घेत नाही, ताई."

एका गटाला पंधरा मिनिटं. एका गटाला तीन तास.
पंधरा मिनिटंवाली परत ठेवली की आई चाटत सुटते,
जणू पिलं गावाला जाऊन आलीत.
तीन तासवाल्यांची आई आधी घरटं नीट करते.
मग पाणी पिते. मग कोपऱ्यात बसते.
हे मी वहीत लिहिते. का, ते लिहायला रकाना नाही.

एम.ए.ला होतं: माकडाचं पोर तारेच्या आईकडे
दुधापुरतं जातं, उरलेला दिवस कापडाच्या आईला बिलगून.
पाच मार्कांना आलं होतं. मला साडेचार मिळाले.

पिलं ओरडतात, पण आपल्या कानांच्या वर.
गायधनी सरांनी यंत्र आणलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं,
ठिणग्या उडाव्यात तसं, टिक्‌ टिक्‌ टिक्‌.
सहा वर्षं मी या खोलीला शांत म्हणत होते.

इरू अकरा महिन्यांची.
औंधला, कुमुद साठेंच्या पाळणाघरात, साडेआठ ते सहा.
पहिला आठवडाभर तिचा आवाज जिन्यापर्यंत यायचा.
मग यायचा थांबला. सगळे म्हणाले, रुळली.
मीही म्हणाले. आणि स्कूटीला किल्ली लावताना
ते यंत्र आठवलं.

कुमुदताई म्हणाल्या, उद्या तुमची एखादी ओढणी द्या.
धुतलेली नको.
निळी दिली. तिला भुश्शाचा वास, उंदरांचा, स्पिरिटचा,
आणि उरला असेल तर माझा.

संध्याकाळी इरू तिचं टोक तोंडात धरून झोपलेली.
मी हाक मारली.
तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं,
ओढणी आणखी घट्ट धरली.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही.
म्हणजे, पाहिलं.
चाळीस सेकंदांनी ती आली,
ओढणीसकट.