न्हाणीघरावरचं कौल

थेंब पडत होता शिवणाच्या मशीनवर.
चाकावर नाही, बाजूला,
जिथे मी टाचण्यांची डबी ठेवते.
मिनिटाला बावीस.
तीस वर्षं प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात
आकडे मोजण्यात गेली,
हात आपोआप पेन शोधतो.

डबी उचलून पातेलं ठेवलं, वर पाहिलं,
तर नेमकं तिथलं कौल
शहाण्या मुलासारखं कोरडं.

दांडिया बाजारात कौलं चाळणारा आता एकच उरलाय,
बुधाभाई. फोन त्यांची सून उचलते,
म्हणते, सूरसागरच्या पलीकडे गेलेत, येतील.
तिसऱ्या दिवशी आले, उघडीप बघून.
खांद्यावर गोणपाट, कानावर खडूचा तुकडा.
शिडी नाही मागितली. म्हणाले,
बेन, पहेला बारी बंद करो.

भर बारा वाजता खिडक्या लावून
आम्ही अंधारात उभे राहिलो,
मी, बुधाभाई आणि हे,
हातातलं वर्तमानपत्र तसंच.
छपराला बारीक डोळे फुटले.
जमिनीवर कवडसे, काही चवलीएवढे,
एक चांगला भातुकलीच्या ताटलीएवढा.
मला वाटलं, झालं, सापडलं.
बुधाभाईंनी मान हलवली.
उजेड सरळ येतो, पाणी नाही.

मग त्यांचं बोट वाशावरून वर गेलं.
एक काळी रेघ, मुंग्यांच्या वाटेएवढी,
मशीनपासून निघून
रिपेला वळसा घालून
कपाटामागून, देव्हाऱ्यावरून
थेट आढ्याजवळ.
आठ हात चालून आलं होतं पाणी
माझ्या टाचण्या भिजवायला.

ते वर चढले. पाय वाशावर, कौलावर नाही,
वासा कुठे आहे हे त्यांच्या तळव्यांना ठाऊक.
ते वरून तांब्या ओतणार, मी खालून ओरडणार.
सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरुवात.
नाही.
नाही.
अजून नाही.
शेजारच्या गॅलरीतून सुमतीबाई विचारतात,
काय हो, कोण पडलं?
सातव्या ओळीला, आलं, आलं!
पाहुणा आल्यासारखी ओरडले मी
माझ्याच घरातल्या गळतीला.

कौलाच्या नाकाशी केसाएवढी चीर,
टाचेखाली बिस्किट मोडावं तशी.
कोई चढ्युं तुं, उतराणमां,
बुधाभाई म्हणाले, आणि चिरेतून
हातभर गुलाबी मांजा ओढून काढला.
मग पन्हळीत कोपरापर्यंत हात घालून
कुजलेल्या पिंपळपानांखालून
एक चष्मा.

जानेवारीत रावपुऱ्याच्या बँकेत राहिलेला तो चष्मा.
दोनदा जाऊन विचारून आले होते मी,
कॅशियरनं टेबलाचे खण उघडून दाखवले होते बिचाऱ्यानं.
वय वर्षं चौसष्ट, गुडघ्याला पट्टा,
आणि एका कटलेल्या पतंगामागे.
मी मागे वळून पाहिलं.
वर्तमानपत्र डोळ्यांच्याही वर गेलं होतं.

तसलं मोरबीचं कौल आता मिळत नाही.
नवं बोटभर रुंद, खाचेत बसेना.
बुधाभाई वळचणीला बसून विडी ओढत राहिले,
एक अख्खी विडी.
मग न्हाणीघरावरचं एक काढून इथे लावलं,
इथलं चिरलेलं नेऊन तिथे.
त्यां तो पाणी जोईए ज ने.
चारशे रुपये, आणि चहा बशीतून.

चष्मा मी साबणानं धुतला.
एक काडी वाकलेली, काच शाबूत.
ह्यांच्या कपाशेजारी ठेवला.
मी काही बोलले नाही. हेही नाहीत.
पण संध्याकाळची बातमी, विश्वामित्री दोन फूट चढल्याची,
जुन्याच चष्म्यातून वाचून दाखवली.

रात्रभर पाऊस.
मशीन कोरडं, डबी जागेवर.
सकाळी न्हाणीघरातून हाक आली,
अगं, मानेवर काहीतरी गार पडतंय.

मी सुईत दोरा ओवत होते.
म्हटलं, जरा पुढे सरकून बसा.