कुणाच्या कानात किती

आधी सगळं शून्यावर.
आधी शून्य, मग वायर, मग वीज, मामा म्हणायचा.
उलटं केलंस तर कानात धाडकन सुतळी बॉम्ब,
आणि गाणारीचा कान म्हणजे बरणी नव्हे,
तडा गेला तर लोणचं दुसरीत भरायला.

वडोदऱ्यात नवरात्राची पाचवी संध्याकाळ.
मैदानावर टँकर पाणी मारतोय,
धूळ खाली बसता बसता पुन्हा उठतेय.
मी स्टेजवर गुडघ्यांवर, दातांत चिकटपट्टी,
शरयूताईंच्या माइकस्टँडला डबी आवळते.
साबणाच्या वडीएवढी डबी. पुढे पाच बटणं,
मागे आमच्या सगळ्यांची तोंडं.

माइक आत.
तोच आवाज मागून जसाच्या तसा बाहेर,
मोठ्या मिक्सरकडे, मैदानाकडे.
ढोल, कीबोर्ड, बाकीचे, एकेका सॉकेटात.
आता इथे कुणाला कितीही चढवा, कितीही दाबा,
मैदानाला पत्ता लागत नाही.

रोज एक गुणगुण निघते.
डबीच्या पोटाशी बारीक खटका, नखाने सरकवायचा.
अर्थ उचलला की गुणगुण थांबते.
हे वाक्य मी मराठीच्या पेपरात लिहिलं असतं
तर अजून दहावीतच असते.

शेवटी घुमाऱ्याची पेटी.
"मला टाकीतला आवाज दे," शरयूताई म्हणतात.
प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरांमागची टाकी;
वडील फिटर. दुरुस्तीला पाणी काढलं
की ही शिडीने आत. गंजाचा वास,
आणि एक सा लावला की तो भिंतीला हात लावत
गोल फिरत राहायचा, घरी बोलावेपर्यंत.
म्हणून घुमारा दोन सेकंदांहून जरासा जास्त.
लोकांना कोरडा आवाज जातो.
टाकी फक्त तिच्या कानात.

रात्री सव्वाबारा. माणसं मोबाइलच्या उजेडात
चपला शोधतायत, मी डब्या गोळा करते.
बटणं जिथे थांबली तिथेच असतात अजून.
पार्थिवच्या डबीत पार्थिव, ठासून.
शरयूताईंच्या डबीत ढोल शून्य:
तो पायांतून कळतो म्हणे.
लखाभाईंच्या डबीत ढोल नाही, कीबोर्ड नाही, काही नाही.
एकच बटण उघडं, तीनच्या काट्यावर:
शरयूताई. कोरड्या.

पाचही रात्री तीनच्या काट्यावर.

अकरा वर्षं एका स्टेजवर आहेत दोघं.
बोलणं एवढंच: "लय वाढवू?"
"हं."

सहाव्या रात्री माझ्याकडे एक वायर जास्त होती.
घुमाऱ्याच्या दुसऱ्या सॉकेटातून काढली,
सतरंजीखालून नेली,
लखाभाईंच्या डबीपर्यंत बरोबर पुरली.
का, ते विचारू नका. वायर पुरली.

पहिल्याच संथ गरब्यात
हिंचची एक मात्रा रिकामी गेली.
मैदान ती ओलांडून तसंच फिरत राहिलं.
शरयूताई मात्र गाता गाता वळल्या,
पायांतून काहीतरी निसटल्यासारख्या.

आवरताना लखाभाई डबी घेऊन आले.
"आज कानात काय होतं?"
"टाकी," मी म्हटलं.
बराच वेळ ते इअरफोनची वायर
बोटाला गुंडाळत राहिले. मग विचारलं,
"पाणी आहे तिच्यात?"
"नाही. रिकामी."

सातव्या दिवशी मी ठरवून ती वायर घरी ठेवली.
पोचले तर लखाभाई माझ्याआधी स्टेजवर,
पायाशी नव्या वायरची पिशवी, आतमध्ये बिल,
आणि सतरंजी एका बाजूने फुगलेली.
जोडणी केली होती त्यांनीच,
चुकीच्या सॉकेटात.

मी काही बोलले नाही.
सगळं शून्यावर आणलं.
मग वायर.